उसनी अक्कलदाढ

माझी खालची उजवी दाढ दुखत होती. कोणती ते मी बोटाने दाखवत होतो आणि डॉक्टर बोटाकडे न बघता चिठ्ठी लिहीत होते. चिठ्ठीत होतं, ‘संपूर्ण बत्तीशीचे एक्स-रे. संच अपूर्ण असल्यास उपचार होणार नाहीत.’

सोबत मेहुणा आला होता. माझा सुजलेला गाल बघून तो सकाळपासून दात काढत होता. “दाजी, एका बाजूने तब्येत सुधारली तुमची!”

एक्स-रेवाले गृहस्थ फार नेमके. तोंडात टोचरी फिल्म कोंबायची, “चावून धरा, हलू नका” म्हणायचं आणि स्वतः भिंतीमागे पळायचं. दुखऱ्या दाढेच्या वेळी मात्र माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी हललो. तरी सतरा फोटो झाले. अठराव्याला ते थबकले.

“इथली अक्कलदाढ कुठंय?”

“ती मला आलीच नाही.”

“मग आधी सांगायचं ना! रिकाम्या जागेचा फोटो चालत नाही. संच अपूर्ण राहतो.”

“अहो, पण दुखते ती शेजारची!”

“दुखू द्या. तिचा फोटो झालाय.”

मेहुण्याला राहवेना. “आपल्याला चारही आल्यात,” म्हणत त्याने तोंड उघडून दाखवलं. एक्स-रेवाल्यांचा चेहरा उजळला. दोन मिनिटांत त्याची अक्कलदाढ माझ्या नावावर लागली. मेहुण्याकडून अक्कल उसनी घ्यावी लागेल, असं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी संच उजेडात धरला. “सापडलं! अक्कलदाढ आतून पार किडलीय. आत्ताच काढू.”

“आणि शेजारची?”

“तिचा फोटो हललाय. हललेलं आम्ही धरत नाही.”

“डॉक्टर, पण ही अक्कलदाढ याची आहे!”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “फोटोवर नाव कुणाचं?”

“माझं.”

“दाढ कुणाच्या तोंडात?”

“याच्या.”

“मग अडचण काय? जिथे असेल तिथूनच काढणार ना आम्ही!”

मेहुणा ताडकन उठला. विरोध करायला त्याने आ वासला, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

माझ्या कागदावर शेरा पडला, ‘किडलेली दाढ काढली. रुग्णास आता दुखणे नाही.’ रुग्णाच्या कळा मस्तकात जात होत्या. तसं सांगितलं, तर उत्तर आलं, “नवीन तक्रार? नवा संच लागेल. संपूर्ण.”

आता पंचाईत अशी, की ती अक्कलदाढ मला कधी नव्हती आणि मेहुण्याला राहिली नाही. तो माझ्याशी बोलत नाही, कारण त्याला बोलता येत नाही. बायकोही बोलत नाही. तिला मात्र येतं.

म्हणून विचारतो. मघापासून तुम्ही दात काढताय. काढा, माझा राग नाही. फक्त जरा आणखी आ करा... हां, दिसली. मंगळवारी सकाळी मोकळे आहात ना?