सगळीच टेबलं पहिली

माणूस जमिनीवर बसला की जेवतो. खुर्चीवर बसला की आपल्या पुढे कोण बसलंय ते बघतो. लग्नातल्या शंभर रुसव्यांपैकी ऐंशी आसनावरून होतात (उरलेले वीस मठ्ठ्यातल्या मिठावरून), हे जाणकारांना ठाऊकच आहे.

सालवडच्या पंढरीला मात्र हे मान्य नव्हतं. जालन्याकडून येऊन तो तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर स्टोअरकीपर झाला होता आणि नंबर घातला की जगातली कुठलीही वस्तू जागेवर राहते, असा त्याचा अनुभव होता. म्हणून लेकीच्या, रंभाच्या लग्नात त्याने पंगतीची जुनाट पद्धत रद्दबातल केली आणि पालघरच्या भिका मंडपवाल्याकडून टेबलं-खुर्च्या भाड्याने आणली. टेबलांनी मंडप असा भरला की सतरंजी टाकायलासुद्धा जागा उरली नाही. प्रगती ती हीच.

"आधी मानाची माणसं. मग बायका आणि नवरा-नवरी," त्याने जाहीर केलं.

"पोरगी सकाळपासून उपाशी हाय," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीनं सासरी जायचंय तिला. तशीच धाडता का?"

"नंबरानं येईल तिचं पान."

अडचण एवढीच होती की एक नंबरचं टेबल एकच होतं. व्याही चंद्रभानरावांना ते हवं होतं. पंढरीच्या वीजकेंद्रावरच्या साहेबांना ते पदसिद्ध होतं. नवरदेवाच्या मामाला दोन हा आकडाच सोसत नव्हता. पंढरीने शांतपणे खडू घेतला आणि सगळ्याच टेबलांवर 'एक' लिहिलं. रुसवा जन्माला यायच्या आधीच मेला. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा, सगळं मानाने पार पडलं.

मग उठायची वेळ झाली.

पंगतीत वडीलधारं माणूस उठलं की सगळे उठतात. त्याच्या आधी उठणं हा अन्नाचा अपमान. इथे तर सगळेच पहिले. आधी उठावं तर आगाऊपणा, मागून उठावं तर कमीपणा. साहेबांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने वाडग्यात पाहिलं. उष्टे हात वाळून कडक झाले, विडे आले ते डाव्या हातात तसेच राहिले. पण हललं कोणी नाही.

मंडपाच्या कडेला मुंडावळ्या बांधलेली रंभा पुऱ्यांच्या टोपलीकडे बघत उभी होती. पंढरी दोनदा टेबलांपर्यंत जाऊन परत आला. पण पाहुण्याला 'ऊठ' म्हणायचं कसं? (सात पिढ्या ऐकवतात.)

तेवढ्यात भिका आला. "शेट, आता टेबलं नेतो. चिंचणीला लगीन हाय, आमी त्यांना शब्द दिलाय."

"अरे, साहेब बसलेत!"

"बसू द्या की. त्यांच्याकडं खुर्च्या हायत. खुर्च्यांना आमी हात लावत नाय."

आणि त्याने टेबलं उचलली. पानं गेली, वाडगे गेले. प्रतिष्ठित मंडळी उष्टे हात अधांतरी धरून समोरासमोर बसून राहिली. मध्ये मात्र छान मोकळी जमीन निघाली. गोजराबाईने पदर खोचला, सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या आणि हाक दिली, "रंभे, बस गं माय."

रंभा बसली, नवरदेव बसला, बायका बसल्या, वाढपीही बसले. पंढरी लेकीशेजारी मांडी घालून बसला आणि पहिला घास त्याने तिला भरवला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं, आणि डोळे भरून आले ते त्याने लपवलेही नाहीत. भोवती खुर्च्यांवरून मानकरी घास न् घास तपासत होते.

नवरा-नवरीला बोईसरला गाडी मिळाली. वऱ्हाडाला मिळाली नाही. ते बसलेलं होतं.

त्या मंडपात शेवटी आधी कोण उठलं, याची नोंद कुठेही नाही. जाणकारांच्या मते ती मंडळी अजून उठलेलीच नाहीत. खोटं वाटत असेल तर येत्या लग्नात पहिल्या रांगेकडे बघा. मान वळवावी लागणार नाही. तुम्ही तिथेच बसलेले असाल.