शकीलाताईंचा आवाज

कुंभेरी नगरपरिषदेने बोलसोबत सेवेचं अनुदान निम्म्यावर आणलं, आणि शकीला मुजावर यांचा आवाज आठवड्यातले निम्मेच दिवस येऊ लागला.

सोमवार ते बुधवार तो नेहमीसारखा असे, जरासा घोगरा. गुरुवारी उठून त्या नवऱ्याला हाक मारायला जात, तर तोंड उघडे आणि बाहेर काहीच येत नसे. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि सांगितलं, की घशात दोष नाही, हा लेखा विभागाचा विषय आहे. लेखापालही समजूतदार गृहस्थ होते.

"आवाज सेवेच्या खात्यावर चालतो, बाई," ते म्हणाले. "खातं अर्ध्यावर आलं, तर आवाज पुरा कसा राहील?"

बुधवार होता, त्यामुळे शकीलाताईंना वाद घालता आला असता. पण लेखापालांचं बोलणं रीतसर होतं. त्या घरी आल्या.

बोलसोबत सेवेचं काम असं: बौद्धिक दिव्यांग माणसांना कचेरीत, बँकेत, दवाखान्यात जायचं असलं, की शकीलाताई शेजारी बसत. त्यांच्या वतीने ठरवणं हे ताईंचं काम नव्हतं. समोरचा काय म्हणतोय ते सोपं करून सांगायचं, उत्तराला वेळ मिळवून द्यायचा आणि ते उत्तर कुणी ऐकलं का ते बघायचं, एवढंच. आवाज अर्धा झाल्याची खरी झळ बसली ती अनसूया ठोंबरेला.

अनसूया चाळिशीची. बचतगटात शेवया वळायची, आणि तिच्या शेवया तुटत नसत. आईबरोबर ती नगरपरिषदेच्या चाळीत एका खोलीत राहायची. पावसाळ्याआधी आई गेली. चूल, भांडी, दाराचं कुलूप, सगळं अनसूयाला येत होतं. येत नव्हतं ते एकच. कुणी घाईने विचारलं, की तिच्या तोंडून "हो" निघायचं. साडी चिकटवणाऱ्या दुकानदाराला हो, नको असलेल्या इंजेक्शनला हो. समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी दिसली की तिला ती घालवायची असायची, आणि हो म्हटल्यावर आठी जायची.

चाळीत एकटी बाई कशी राहील, असा प्रश्न नगरपरिषदेत निघाला. तिला दूरच्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात पाठवावं का, यावर सुनावणी लागली. ती लागली गुरुवारी.

मुख्याधिकारी साळोखे टेबलामागे बसले होते. वाईट माणूस नव्हे. पण दिवसभर माणसं रांगेत उभी, त्यामुळे त्यांचं बोलणं कायम पुढच्या माणसाकडे धावत असायचं. शकीलाताई अनसूयाच्या शेजारी बसल्या होत्या, आवाजाशिवाय.

"वसतिगृह चांगलं आहे, जेवण आहे, बायका आहेत सोबतीला, तिथं गेलेलं बरं ना?" साहेबांनी एका दमात विचारलं.

"हो," अनसूया म्हणाली.

साहेबांनी पेन उचललं. अनसूयाने शेजारी पाहिलं. शकीलाताईंचे ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा, एकाच शब्दावर. ऐकू येत नव्हतं, पण तो शब्द अनसूयाने इतक्या कचेऱ्यांत ऐकला होता, की तिला तो दिसला.

"थांबा," अनसूया म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. कपाळावर आठी आली होती. अनसूयाने नजर टेबलावरच्या पेपरवेटवर नेली, म्हणजे आठी दिसणार नाही.

"मला ताईंचा आवाज पाहिजे. त्याशिवाय मला विचारू नका."

"गुरुवारच्या आवाजाची तरतूद नाही," साहेब म्हणाले.

"मग तुमचा द्या."

लेखापालांना बोलावण्यात आलं. त्यांनी नियम पाहिले आणि सांगितलं, की मुख्याधिकाऱ्यांचा आवाज आस्थापना खर्चात येतो. तो दुसऱ्या विभागाला दिवसापुरता वापरायला देता येतो, जसा पाण्याचा टँकर देतात. साहेबांनी तोंडी संमती द्यावी, एवढंच.

"बरं, दिला," साळोखेसाहेब म्हणाले. नंतर ते काही म्हणू शकले नाहीत.

"अनसूया," शकीलाताई साहेबांच्या भरदार, खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाल्या, "घाई नाही. एकेक विचारते. तुला कुठं राहायचंय?"

अनसूयाने बराच वेळ घेतला. साहेबांना मध्ये बोलता येत नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि, बहुधा पहिल्यांदाच, तिच्याकडे नीट पाहिलं.

"खोलीत. आमच्याच."

"रात्री भीती वाटते?"

"वाटते. पण शेजारी सुमनवहिनी भिंतीवर थाप मारतात. मीपण मारते. मग झोप लागते."

"आणि अडचण कशाची पडते?"

"लाइटबिलाची. सिलिंडर बदलायचा. ते कुणी दाखवलं तर पाहिजे." ती थांबली. "वसतिगृहाला मी हो म्हटलं ना, ते खरं नव्हतं. तुम्ही लवकर विचारलंत म्हणून."

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी मान हलवली, आणि खोली अनसूयाच्या नावावर राहिली. लाइटबिल आणि सिलिंडर दाखवायला चाळीच्या कामगाराने महिन्यातून येऊन जावं, हेही ठरलं.

पुढच्या सभेत अनुदान वाढलं नाही, पण सभागृहाने आवाजांची पाळी एकमताने मान्य केली. गुरुवार साहेबांनी मागून घेतला. शुक्रवारी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांचा आवाज, शनिवारी अग्निशमन दलाच्या चव्हाणांचा. चव्हाणांच्या आवाजात शकीलाताई "सावकाश सांग" म्हणत तेव्हा खिडकीवरची कबुतरं उडत, पण कुणाची तक्रार नव्हती. शुक्रवारी लोकांची पाण्याची तक्रार पुरी सांगून होई, कारण आवाज देऊन बसलेले इंजिनिअर मध्येच समजावू लागत नसत. ताईंच्या नवऱ्यालाही सवय झाली.

दिवाळीच्या आधी एका गुरुवारी अनसूया शेवयांचा डबा घेऊन कचेरीत गेली.

"साहेब, तुमचा आवाज दिलात. त्याबद्दल," ती म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवला.

साळोखेसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे मात्र भरून आले होते. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि कप त्यांच्यापुढे ठेवू लागला. साहेबांनी हात हलवला. शिपायाला वाटलं साखर कमी पडली. तो साखर आणायला वळला. साहेबांनी पुन्हा हात हलवला.

अनसूयाने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"थांबा हो जरा," ती शिपायाला म्हणाली, आणि साहेबांकडे वळली. "चहा पाहिजे का पाणी? घाई नाही."

शिपाई ट्रे धरून उभा राहिला. साहेब विचार करू लागले.