आधी पाहुण्यांच्या डोळ्यांत

सोनगीरच्या वनाआबांच्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्यात साडेदहाला ठरलं होतं. काचबिंदूच तो! आज हुकलं तर डॉक्टर आठ दिवस मुंबईला, आणि तोवर डोळा टिकेल याची खात्री नाही. नव्या कंपाउंडरनं, झुलालनं, आबांच्या बायकोच्या, वच्छलाबाईंच्या हाती इवलीशी बाटली दिली. "यानं बाहुली बारीक होते. आबांना दर पंधरा मिनिटांनी एक थेंब."

तेवढ्यात लेकीचे सासरे अभिमननाना चार भाऊबंद घेऊन समाचाराला आले. वच्छलाबाईंचा जीव वरखाली झाला. दवाखान्यात ना चूल, ना चहा. व्याह्यांपुढे ठेवायचं काय?

"नाना, डोयामा धूळ गयी वाटस. थेंब टाकू का? मुंबईनं औषध शे."

"आबाले पहिले टाका ना."

"वा! पाव्हना बसेल आनि घरना मानूस पहिले?"

विहीणबाईंना नाही म्हटलं की रुसवा आलाच. नानांनी मुकाट्यानं डोळे पुढे केले. मग भाऊबंदांनीही. आबांच्या पाळीला बाटलीत ठणठणाट!

"आनि मना डोया?"

"दम धरा. तुम्ही कोठे पयी चालनात!"

थोड्या वेळानं नाना कावरेबावरे झाले. "विहीणबाई, दिवस बुडना का?" सकाळचे दहा वाजले होते! एक भाऊबंद बाक समजून बादलीवर बसला.

आतून डॉक्टर ओरडले, "झुलाल, बाहुली बारीक झालेला पेशंट टेबलावर घे!"

झुलालनं टॉर्च मारला. पहिली बारीक बाहुली नानांची. हाही व्याह्याचा मानच समजून नाना टेबलावर आडवे झाले. बाहेर आबा बोंबलत होते, "अरे, डोया मना शे!"

डॉक्टरांनी डोळा बोटानं दाबून पाहिला. "तुम्हीच ना वनाआबा?"

"नही. मी त्यासना याही. पाव्हना शे."

वच्छलाबाई रडतच आत धावल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या. डॉक्टर आधी झुलालवर, मग साऱ्या सोयऱ्यांवर उखडले. कपाटातली दुसरी बाटली काढून त्यांनी आबांच्या डोळ्यात स्वतः थेंब टाकला. मग थबकले, आणि नानांचा डोळा पुन्हा दाबून पाहिला.

"नाना, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?"

"दिसस ना. माले वाटे, दिवाच भारी शे."

"डोळा दगडासारखा झालाय तुमचा, हाही काचबिंदूच! आबांना थेंब लागू होईपर्यंत तुमचंच उरकतो."

वच्छलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आबांकडे वळल्या.

"मी काय सांगं व्हतं? पाव्हना पहिले!"