बटण कोणी दाबलं?

घरातली वीज कोण किती वापरतं हे शोधून काढायचं मी ठरवलं, तेव्हा निदान स्वतःच्या घरापासून सुरुवात करू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण मी पडलो अर्थतज्ज्ञ. (आमच्या धंद्यात आधी आकडे लागतात, अक्कल नंतर लागते.)

विषय होता 'ऊर्जेचा वापर आणि स्त्री-पुरुष विषमता'. पंधरा दिवसांनी संस्थेच्या समितीपुढे पेपर वाचायचा होता. पसंत पडला तर तीन वर्षांचा प्रकल्प आणि त्याचं प्रमुखपद माझं. नाही पडला तर तळमजल्यावरच्या त्याच खोलीत, त्याच डुगडुगत्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बेरजा तपासत निवृत्त व्हायचं. सतरा वर्षं मी त्या खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवतोय. मला ते प्रमुखपद अगदी मनापासून हवं होतं.

मी घरातल्या प्रत्येक प्लगला एकेक छोटा मीटर लावला आणि फ्रिजशेजारच्या खिळ्याला वही टांगली. रकाने तीन: वेळ, उपकरण, बटण दाबणारी व्यक्ती. जो बटण दाबेल, ती वीज त्याची. इतकी सुटसुटीत पद्धत आजवर कोणालाच कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटत होतं. (का सुचली नाही, ते यथावकाश कळलं.)

आमच्या घरात माणसं तीनच. मी, बायको आणि आई. बायको शाळेत गणित शिकवते. आई सगळ्यांनाच शिकवते.

आठवडा संपला तशी मी बेरीज केली आणि सकाळच्या चहाला निकाल जाहीर केला, "या घरातली चौऱ्याण्णव टक्के वीज बायका वापरतात."

आईने कप खाली ठेवला. "आणि तू काय अंधारात बसतोस?"

"माझी सहा टक्के. टीव्ही आणि दाढीचं मशीन."

"वॉशिंग मशीन?"

"ते हिच्याकडे. बटण ही दाबते."

"आत कपडे कोणाचे असतात?"

"आई, कपडे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे," मी शांतपणे समजावलं.

बायको शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बटण दाबेल त्याची वीज, असंच ना?"

"असंच."

"आणि ही पद्धत मधेच बदलता येत नाही."

"छे, छे. निष्कर्षच बिघडतो."

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला एकवीस वर्षं झालीत. या 'बरं'चा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला होता. तरीही मी बिनधास्त आणखी एक कप मागितला.

"पाणी भरून ठेवलंय किटलीत," बायको म्हणाली. "बटण तेवढं तुम्ही दाबा."

तेव्हापासून दोघींनी बटणांना हात लावणं बंद केलं. बाकी कामं सगळी होत होती. मिक्सरचं भांडं भरून, झाकण लावून तयार असायचं आणि हाक यायची, "अहो, बटण." मशीनमध्ये कपडे पडलेले, साबण घातलेला. "अहो, बटण." मी दाढी अर्धवट टाकून धावायचो. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन मशीन लावून जायचो. बुधवारी आमची विभागाची बैठक ऐन रंगात आलेली असताना आईचा फोन आला.

"अरे, पंखा लावायचाय. किती वाजता येतोस?"

"आई, तूच लाव ना," मी टेबलाखाली तोंड घालून म्हणालो.

"नको रे बाबा. चौऱ्याण्णव टक्के म्हणजे फारच झालं. मला मेलीला रात्रभर झोप नाही लागली."

दुपारभर ती दारात पुठ्ठ्याने वारा घेत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगत राहिली. मी माघार घेऊ शकलो असतो. पण पद्धत चुकली म्हटलं की पेपर गेला, आणि पेपर गेला की पुन्हा ती खुर्ची. म्हणून मी बटणं दाबत राहिलो. दुसऱ्या आठवड्याच्या नोंदी करायला मला सवड नव्हती, त्या बायकोनेच केल्या. पेपर मी पहिल्या आठवड्यावर लिहून मोकळा झालो होतो.

पेपर वाचायच्या दिवशी मी इस्त्री सुरू केली, ती शर्टावर ठेवली आणि गिझर लावायला गेलो. परत येईपर्यंत शर्टाच्या पाठीला इस्त्रीएवढं भोक पडलं होतं. दुसरा धुतलेला शर्ट नव्हता. मी वरून कोट चढवला. समिती मूळ नोंदी मागते, म्हणून बायकोकडून वही घेतली आणि निघालो.

पेपर झोकात झाला. मग अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढला.

"म्हणजे बटण दाबणारा तोच वापरणारा?"

"अगदी बरोबर, मॅडम."

"या सभागृहातले दिवे, एसी, तुमचा प्रोजेक्टर, हे कोणी लावलं?"

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायाने हात वर केला.

"म्हणजे आपल्या संस्थेची सगळी वीज हे एकटे वापरतात."

शिपाई पार घाबरला. "मॅडम, मला साहेबांनी लावायला सांगितलं. मला तर एसीचा त्रास होतो."

हशा ओसरल्यावर मॅडमनी वही मागितली. पहिला आठवडा त्यांनी भराभर उलटला आणि दुसऱ्यावर थांबल्या. तिथे लाल शाईने, पट्टी धरून, चौथा रकाना आखलेला होता: 'कोणासाठी'. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या.

"मंगळवार. वॉशिंग मशीन. बटण: हे. कोणासाठी: यांचे सात शर्ट, आम्हा दोघींचे मिळून चार कपडे. बुधवार. पंखा. बटण: कोणी नाही. कोणासाठी: आई, घामाघूम. आज सकाळी. इस्त्री. बटण: हे. कोणासाठी: हेच. शर्ट गेला. यांना कोट काढायला सांगू नये."

सगळं सभागृह माझ्या कोटाकडे पाहू लागलं.

"हा रकाना कोणी आखला?"

"बायकोने," मी म्हणालो. अक्षर माझं आहे असं सांगायची सोय नव्हती.

"सगळं संशोधन या रकान्यातच आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्या त्यांना घेऊन या."

प्रकल्प मंजूर झाला. बायकोने शाळेतून तीन वर्षांची रजा घेतली आणि ती प्रमुख झाली. मला फार लागलं ते. मग एका दुपारी ती वही पहिल्यापासून वाचली आणि खरोखर शरम वाटली. एकवीस वर्षं हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं आणि मी ते तिच्याच माथी मारलं होतं. उठलो आणि आईचा पंखा लावला.

गेल्या महिन्यात अहवाल छापून आला. मी घाईघाईने स्वतःला शोधलं. मुखपृष्ठावर बायको. सहलेखकांत मी नाही. आभारांत आई आहे, शिपाईसुद्धा आहे. अखेर त्रेचाळिसाव्या पानावरच्या तक्त्यात, अगदी बारीक टाइपात, मी सापडलो: 'घर क्रमांक एक. प्रौढ पुरुष, एक. याच्यामुळे सरासरी बिघडत असल्याने वगळला आहे.'