चोवीस बरण्या आणि बोरिंगचं पाणी

आधीच सांगून ठेवते, आमरस बरणीत भरून टिकवणं हे माझ्या डाव्या हाताचं काम आहे. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण माझा रस दिवाळीपर्यंत गेलेला आहे! जुन्या गावात तो खाऊन कोणी दवाखान्यात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. जुनं गाव म्हणजे गोसीखुर्दच्या धरणात बुडालं ते. आता आम्ही नव्या वसाहतीत राहतो. घर पक्कं, रस्ता सिमेंटचा, पाणी बोरिंगचं.

यंदा आमच्या बचत गटातून एकाच बाईचा रस भंडाऱ्याच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि बरणीवर तिचंच नाव छापणार होते. निवड करायला तालुक्याहून मॅडम येणार होत्या. नावं दोन. एक माझं, दुसरं समोरच्या सुंदरबाईचं. या सुंदरबाईला अजून भात मोकळा करता येत नाही. पाण्याचा तांब्याचा गुंड चिंचेनं घासायचा, हेसुद्धा तिला मीच शिकवलं. तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. भंडाऱ्याच्या जाऊबाईला फोन करून, मुक्कामाला येते, असं मी कळवूनही टाकलं.

चोवीस बरण्यांत रस भरला, झाकणं घट्ट लावली आणि मोठ्या गंजात पाण्यात बुडवून उकळायला ठेवल्या. माझी सून रिता गटाच्या ट्रेनिंगला जाऊन आलेली. ती म्हणाली, "आई, बोरिंगचं पाणी जड आहे. गंजात थोडं व्हिनेगर टाकाले सांगतलं होतं मॅडमनं."

"व्हिनेगर चायनीजच्या गाडीवर टाकतेत," मी म्हटलं. "आपण रस उकळून राहिलो, नूडल्स नाही."

बरण्या बाहेर काढल्या, वाळल्या, आणि एकेकीवर पांढरा थर. चोवीस जणी तोंडाला पावडर फासून फोटोला उभ्या राहिल्यासारख्या! तेवढ्यात सुंदरबाई विरजण मागायला आली. तिनं बरण्यांकडे पाहिलं, "बुरशी लागली वाटते, बाई," एवढंच म्हणाली आणि विरजण घेऊन गेली. तासाभरात ती बुरशी वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली.

मी रिताला सांगितलं, साबण नीट निघाला नाही, परत धू. तिनं बोरिंगच्या पाण्यानं धुतल्या, उन्हात ठेवल्या. थर दुप्पट. मग मी स्वतः धुतल्या, कारण काम आपल्या हातानं केलं की चोख होतं. थर तिप्पट! मुलगा राजकुमार घरी आला तर विचारतो, चुना कायले आणला, घर पोतायचं आहे काय? खाटेवरून आमचे मालक घनश्याम म्हणाले, "अजून एक डाव धू. भिंत उभी राहते." त्या दिवशी त्यांना चहा फार उशिरा मिळाला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम येणार. सकाळी मला सुचलं. फडकं घेतलं, जवसाच्या तेलात बुडवलं आणि बरण्या झाकणांसकट पुसून काढल्या. थर दिसेनासा झाला. बरण्या अशा झळकल्या की हळद लागलेला नवरदेव मागं पडावा. रिता नको नको म्हणत होती. मी तिला लेबलं लावायला बसवलं. तिनं एक चिकटवावं, ते घसरत खाली यावं. शेवटी मी प्रत्येक बरणीच्या कमरेला दोऱ्यानं लेबल बांधलं.

समाजमंदिरात दोन टेबलं मांडलेली. मॅडमनी माझी पहिली बरणी उचलली आणि ती त्यांच्या हातातून वाम माशासारखी निसटली. राजकुमारनं वरच्यावर धरली, तर त्याच्याही हातातून सुटली आणि घनश्यामच्या मांडीवर जाऊन बसली. फुटली नाही. ते विव्हळले, पण बरणी फुटली नाही. मग ती उघडायची झाली. मॅडमनी जोर लावला. राजकुमारनं लावला. गटाच्या चार बायांनी आळीपाळीनं लावला. हात नुसता झाकणावरून घसरायचा. अखेर घनश्यामनी धोतराचा सोगा गुंडाळून असा हिसका दिला की झाकण उघडलं आणि रस थेट मॅडमच्या साडीवर.

मॅडमनी पदरावरचं बोटानं चाखलं. "रस एक नंबर आहे, आजी. पण ही बरणी गिऱ्हाईक उघडणार कशी?"

मग त्या सुंदरबाईच्या टेबलाकडे वळल्या. काच आरशासारखी. तुमच्याकडेही बोरिंगचंच पाणी ना, व्हिनेगर टाकलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"नाही जी," सुंदरबाई म्हणाली. "गंजात चिंचेचं पाणी टाकलं. तांब्याच्या गुंडावर असाच पांढरा थर बसते, तं चिंच लावाले शकुनबाईनंच शिकवलं होतं मले. म्हटलं, काचेवर बी चालंन."

सगळ्या समाजमंदिरानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

नाव सुंदरबाईचं छापलं. घरी येऊन तेलाचे हात धुवायला बसले, तर त्या पाण्यात साबणाला फेस येईना. त्यात जाऊबाईचा फोन, किती वाजता येता? मी सांगितलं, येते ना, सुंदरबाईले एकटीले जमत नाही, शिकवणारी सोबत लागते.

फोन ठेवून वळले तर समोर उरलेल्या तेवीस बरण्या मांडलेल्या, आणि पुढं चिंचेची वाटी. रितानं फडकं माझ्या हातात दिलं.