पिवळी भुकटी आणि ठकूवहिनीचा गुडघा

एका जंगलात, बाळांनो, गुडघे फार सुजत. सगळ्यांत जास्त सुजला होता तो ठकूवहिनी माकडिणीचा. तिला झाडावर चढता येईना, आणि झाडाखाली तर बिबट्याची येजा.

साळिंदरवैद्यांना वाटलं, पिवळ्या भुकटीने ही सूज उतरावी. भुकटी तशी सगळ्यांच्या ओळखीची. उदमांजर ती आपल्या विकायच्या चिवड्यात घालायचं, चिवडा सादळू नये म्हणून. पण चिवड्यात घालायला कुणाला विचारावं लागत नाही, औषध म्हणून द्यायची तर आधी पारख करावी लागते.

वैद्यांनी बारा आजारी निवडले. सहा जणांना भुकटीच्या पुड्या, सहा जणांना नुसत्या नाचणीच्या पिठाच्या. कुणाला काय, ते सांगायचं नाही. ठकूवहिनीच्या वाट्याला पीठ आलं.

शेजारच्या गोदूताई घोरपड मोठ्या मायाळू. बाराही जणांची रोज विचारपूस करून यायच्या, आणि जाताना उदमांजराकडचा चिवडा न्यायच्या.

"औषधाने तोंड कडू होतं, वहिनी. घ्या दोन घास."

महिन्याभरात बाराही जणांच्या गुडघ्यांची सूज उतरली. ठकूवहिनी सरळ शेंड्यावर जाऊन बसली.

वैद्यांनी खालूनच विचारलं, "पुडीशिवाय आणखी काही खात होतात?"

"नाही हो. पथ्य म्हणजे पथ्य."

खोटं नव्हती बोलत बिचारी. चिवड्याला कधी कुणी खाणं म्हणतं का?

वैद्य फार प्रामाणिक. भुकटीवाले बरे झाले, तसेच पीठवालेही झाले. म्हणजे भुकटीत काही गुण नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. ते ऐकून उदमांजरानेही ती चिवड्यात घालणं सोडलं. निकामी वस्तू गिऱ्हाइकाला का खाऊ घालायची?

पंधरा दिवसांत गुडघे पुन्हा सुजले. वैद्य डगमगले नाहीत. पिठाने सहाच्या सहा बरे झाल्याचं त्यांच्या वहीत होतंच. त्यांनी सगळ्यांना पीठ सुरू केलं.

ठकूवहिनी झाडाच्या बुंध्याशी बसून दोन्ही वेळा नेमाने पीठ खायची. गोदूताई चिवडा आणायच्या. तो आता जरा मऊ लागे.

एका सकाळी गोदूताई गेल्या, तर बुंध्याशी पिठाची पुडी तेवढी होती. बराच वेळ हाका मारून त्या घरी परतल्या.

वैद्यांनी महिनाअखेरीस वहीत लिहिलं : 'ठकूवहिनी. गुडघ्याची पुन्हा तक्रार नाही. पीठ लागू पडले.'

तात्पर्य : आजाऱ्याला भेटायला जरूर जावं, पण रिकाम्या हाताने.