इंचाला बारा टाके

मास्तरांनी लेकीच्या झग्याला टाके घातले ते मंगळवारी दुपारी, आणि त्याचा पश्चात्तापही त्यांना मंगळवारीच दुपारी झाला. एरवी माणसाला आपली चूक कळायला चार दिवस जातात. मास्तर मात्र पहिल्यापासून वक्तशीर.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. तीस वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवले, पण शिवण उसवली म्हणून एकही बाई परत आली नव्हती. लेक पोशाखकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. एक दिवस तिनं परीक्षेसाठी रबराचा झगा करणार असल्याचं जाहीर केलं.

"रबराचा?" आई म्हणाली. "घालणार कोण, ट्रक?"

"लेटेक्स म्हणतात त्याला. पातळ असतं गं. अंगाला अगदी त्वचेसारखं बसतं."

"मग त्वचेनंच काय घोडं मारलंय?"

मास्तरांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लेक पहिल्यांदाच स्वतःच्या कल्पनेचं काहीतरी करत होती. "कापड मी आणतो," ते म्हणाले. "आख्खा बाजार मला ओळखतो."

बाजार त्यांना ओळखत होता, पण रबर ओळखणारे दुकानदार वेगळे निघाले. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्यानं त्यांच्या गळ्यात काळ्या रबराची एक चादर मारली. ती आणायला दोन माणसं लागली. घरी आल्यावर ती भिंतीला न टेकता उभी राहिली. तिचा झगा झाला असता तर आत माणसाची गरजच नव्हती. दुसऱ्या खेपेला मास्तर औषधांच्या दुकानातून बाळाच्या अंथरुणाखाली घालायचं रबर घेऊन आले.

"बाबा, ह्याला मागून कापड आहे."

"मग चांगलंच की! अस्तर फुकट."

लेकीनं डोक्याला हात लावला आणि दूरच्या एका कारखान्याला स्वतःच पत्र लिहिलं. दीड महिन्यानं एक गुंडाळी आली. विटकरी रंगाचं, दुधावरच्या सायीपेक्षा जरासंच जाड रबर. बरोबर एका झग्यापुरतं. बाद करायला वीतभर तुकडासुद्धा नव्हता.

मग घरात कारखाना सुरू झाला. कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चरला वापरतो तसलं सोल्युशन कडांना लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं, मग कड कडेवर ठेवून छोटा रूळ फिरवायचा. एक कड जमायला सबंध सकाळ जाई. वासानं आईचं डोकं उठायचं. चिकटू नये म्हणून लेक सगळीकडे पावडर शिंपडायची, त्यामुळे मास्तरांकडे आलेली गिऱ्हाईकं काळे कपडे घालून आली तर पांढरे घालून जायची.

मास्तर रोज दारातून डोकवायचे. "शिवायला कधी देतेस?"

"शिवायचं नाही, बाबा. चिकटवायचं."

"सगळं?"

"सगळं."

"बाह्यासुद्धा?"

"बाह्यासुद्धा."

 मास्तरांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं साधंच होतं. लेकीच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कपड्याला बापाचा एक टाका लागणार नव्हता. त्यात धंद्याची शंकाही होती. डिंकानं पाकीट चिकटतं, मान्य. पण माणसाच्या अंगावरचा कपडा डिंकाच्या भरवशावर सोडायचा?

बुधवारी परीक्षा होती. मंगळवारी जेवण करून लेक मैत्रिणीला आणायला गेली. परीक्षेत झगा ती मैत्रीणच घालणार होती. आई शेजारी गेली होती. झगा खुंटीला होता आणि मास्तर रिकामे होते. एवढ्या गोष्टी एकाच वेळी जुळून यायला नको होत्या.

"नुसती एक धावटीप," मास्तर स्वतःलाच म्हणाले. "आतून. तिला कळणारही नाही."

रबर मशीनच्या पायाखाली सरकेना. मास्तरांनी धंद्यातली अक्कल वापरली आणि दोन्ही बाजूंनी मशीनचं तेल चोळलं. मग काय, सुळकन सरकायला लागलं. दोन्ही कुशी, खांदे, बाह्या. इंचाला बारा टाके, रेषेत, एकही वाकडा नाही. मास्तर मनापासून खूश झाले. मजबुती बघायला म्हणून त्यांनी झगा दोन्ही हातांनी जरासा ताणला.

डावी कूस काखेपासून खालपर्यंत तिकिटाच्या कागदासारखी फाटत गेली. अगदी रेषेत.

मास्तर झगा पंच्यात गुंडाळून सायकलवाल्याकडे धावले. त्यानं झगा उजेडात धरला. टाक्याटाक्यातून ऊन आत आलं.

"मास्तर, हे काय केलंत?"

"टीप मारली. मजबुतीला."

"अहो, रबराला सुई म्हणजे पंक्चर! आम्ही एक खिळा शोधायला टायर पाण्यात बुडवतो. तुम्ही इंचाला बारा मारलेत!"

"चिकटव की मग. तुझा रोजचा धंदा आहे."

त्यानं सोल्युशन लावलं. ते लागलं आणि तसंच सुटून आलं. त्यानं बोट हुंगलं. "तेल लावलंय?"

"थोडंसं."

"तेलावर सोल्युशन धरत नाही. घासून काढावं लागेल."

त्यानं नेहमीचा पत्रा काढून नेहमीच्या जोरानं घासलं. पण टायरची ट्यूब कुठे आणि दुधाची साय कुठे? खांद्याला रुपयाएवढं भोक पडलं. त्यावर त्यानं गोल ठिगळ मारलं. शेजारी दुसरं पडलं, त्यावर दुसरं मारलं. पाचव्या ठिगळानंतर मास्तरांनीच त्याचा हात धरला. तोवर मागे लेक येऊन उभी होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं झगा हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही शिवलंत?"

"एक टाका तरी माझा असावा वाटलं."

"मला सांगायचं होतंत. मी कुठेतरी घालू दिला असता."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सायकलवाला उगाचच एका चांगल्या चाकात हवा भरत बसला.

बुधवारी मास्तर स्वतः परीक्षक बाईंसमोर उभे राहिले. झगा टेबलावर पसरून त्यांनी सगळं सांगितलं, तेलासकट. बाईंनी चष्मा लावून टाके पाहिले.

"शिवण फार सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "चुकीच्या ठिकाणी आहे, एवढंच." मग त्यांनी लेकीला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

नवी गुंडाळी मागवली, पुन्हा दीड महिना गेला, पुन्हा वास, पुन्हा पावडर. मास्तर त्या खोलीत पाऊल टाकेनासे झाले. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायचे. लेक कामापुरतं बोलायची, आणि ते बोलणं मास्तरांना सगळ्यात जास्त लागायचं. परीक्षेला चार दिवस असताना ती दारात येऊन म्हणाली, "ह्याला उजेड लागून चालत नाही. काळ्या कापडाची पिशवी शिवून द्याल?"

मास्तरांनी चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. अस्तर, बंद, काठाला गोट. नवरीच्या पोशाखावरही कधी लावला नसेल एवढा जीव पिशवीवर लावला आणि परीक्षेच्या सकाळी ती लेकीच्या हातात दिली.

संध्याकाळी लेक आली ती झगा जुन्या चादरीत गुंडाळून.

"पास झाले," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले, मग उघडले. "आणि पिशवी?"

"आखूड झाली, बाबा. वीतभर."

"आखूड?" आई आतून म्हणाली. "ह्यांच्या हातून? तीस वर्षांत?"

"झग्याला हात लावायचा नव्हता ना," मास्तर खाली बघत म्हणाले. "उंबऱ्यावरूनच माप घेतलं. नुसत्या नजरेनं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा ती खदखदून हसली. तिनं टेबल मोकळं केलं, चादर सोडून झगा त्यावर पसरला आणि त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली.

"धरा हा खांदा."

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"धरा म्हणते ना," लेक म्हणाली. "आणि आधी हाताला पावडर लावा."